बाईंच्या सांगण्यावरून

"आवाज वाईच वाढवा की बाई," तात्या म्हणाले.

ते टेबलावर उताणे पडले होते. सदरा छातीपर्यंत वर घेतलेला, पोटावर गार जेल. मी डाव्या हातानं पदर कमरेशी गच्च धरून उजव्या हातानं सोनोग्राफीचा प्रोब फिरवत होते. साडी मोरपिशी, रेशमी, त्या दिवशी पहिल्यांदाच नेसलेली. रेशमावर जेलचा डाग पडला तर काय करायचं, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. एक वाजता सभागृहात माझा सत्कार होता आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा वाजून गेले होते.

"आज आवाज नको, तात्या. आज नुसतं बघते."

"आईकल्याबिगर काय बगणार?" ते म्हणाले.

तात्या म्हणजे तातोबा हसबे. विट्याच्या नगरपालिकेत पाणीपुरवठ्याकडे एकतीस वर्षं फिटर होते. आमचा भाग दुष्काळी. त्या काळी नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे जमिनीखालची पाइप कुठं गळतेय हे शोधणारा माणूस गावात नगराध्यक्षापेक्षा जास्त ओळखीचा. तात्यांकडे एक लोखंडी गज होता. पहाटे गाव शांत असताना तो रस्त्यावर टेकवायचा, वरचं टोक कानाला लावायचं आणि ऐकत पुढं सरकायचं. चालतं पाणी घुमतं, गळतं पाणी फुसफुसतं, असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. ते बोट ठेवतील तिथं खणायचं, आणि तिथं ओल निघायचीच, अशी त्यांची ख्याती.

त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी ते माझ्याकडे मुतखड्यासाठी आले. खडा सापडला नाही, पण पाठीच्या कण्याला लागून जाणारी मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगलेली दिसली. छप्पन्न मिलिमीटर. अशी वाहिनी फुटली तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही. मी त्यांना त्याच दिवशी पुण्याला पाठवलं. तिथल्या सर्जननी पोट न फाडता दोन्ही जांघांतून तारेच्या जाळीची कापडी नळी वर सरकवली आणि फुगलेल्या भागात आतून बसवली. रक्त नव्या नळीतून जाऊ लागलं, फुगा बाहेर नुसता राहिला. तात्यांना हे कळायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"म्हंजे रस्ता न खणता जुन्या पायपात नवा पायप सरकिवला," ते म्हणाले. "आमास्नी ह्ये कुनी शिकिवलं आसतं तर निम्मं गाव खणायचं वाचलं आसतं."

पण अशा नळीची एक खोड असते. ती जिथं जुन्या वाहिनीला चिकटते तिथून, किंवा एखाद्या बारीक फांदीतून, रक्त पुन्हा बाहेरच्या फुग्यात झिरपू शकतं. मग फुगा परत वाढायला लागतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि एक दिवस फुटतो. म्हणून आयुष्यभर तपासत राहायचं. तात्यांच्या किडन्या नाजूक होत्या, सीटी स्कॅनचं औषध त्यांना सोसलं नसतं. तेव्हा पुण्याच्या सर्जननी दर सहा महिन्यांची तपासणी माझ्यावर सोपवली आणि फाइलच्या कव्हरवर लाल शाईनं लिहून दिलं, की फुगा पाच मिलिमीटर वाढला तर त्याच दिवशी फोन करायचा.

पहिल्या तपासणीला चोपन्न भरला. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला त्रेपन्न. फुगा आकसत होता, सगळं छान चाललं होतं. तात्या दर खेपेला मला डॉपलरचा आवाज मोठा करायला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्याच पोटातलं रक्त धप् धप् करत खोलीभर वाजायचं आणि ते मान हलवायचे. मलाही मजा वाटायची. दिवसभर बायकांची पोटं आणि पित्ताशयाचे खडे बघून कंटाळलेल्या माणसाला असा पेशंट आवडणारच.

मोजमाप झालं की ते खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढून डायरीत आकडा लिहायचे. एकदा मी चेष्टा केली, की तात्या, मला पकडायला पुरावा गोळा करताय का. त्यांनी मला जुनी डायरी काढून दाखवली. कुठं खणलं, किती फूट, काय निघालं. काही ठिकाणी शेवटी लिहिलेलं, 'साहेबांच्या सांगण्यावरून.'

"म्हणजे चूक झाली तर साहेबांच्या गळ्यात," मी म्हणाले.

"तसं न्हवं बाई," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "दुसऱ्या दिशी परत खणाय जायचं आसतंय. कुनी काय सांगितलं त्येच ठावं नसंल, तर सुरवात कुठनं करायची?"

तर त्या दिवशी. आठ मार्च, महिला दिन. तात्यांना मी सकाळी नऊची वेळ दिली होती. ही तपासणी उपाशीपोटी करावी लागते, नाहीतर आतड्यातल्या वायूनं काही दिसत नाही. ते आदल्या रात्रीपासून पोटात काही न घेता आले आणि सव्वातीन तास बाहेरच्या बाकावर बसले, कारण मध्ये मला केस नीट करून घ्यायला जायचं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. शमीमला, म्हणजे माझी रिपोर्ट टाइप करणारी आणि खरं तर सगळं सेंटर सांभाळणारी मुलगी, तिला सांगितलं होतं की तातडीची केस बघायला जातेय.

"बाई, आवाज," तात्या परत म्हणाले.

वाद घालण्यात वेळ जाईल म्हणून मी बटण फिरवलं. धप् धप् सुरू झालं. मी प्रोब खाली सरकवला, कोपर अंगापासून लांब, साडी वाचवत.

"थांबा," तात्या म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेले होते. "मागं या. हितंच. हितं फुसफुस हाय."

"तो वायू आहे, तात्या."

"वायू आसा ठोक्यासंगट येत न्हाय. आईका की तुमी."

मला राग आला. खरंच आला. मी नऊ वर्षं शिकून आले होते, रेडिओलॉजीत माझा दुसरा नंबर होता, आणि एक फिटर मला माझ्याच मशीनवर शिकवत होता. मी हसत हसत म्हणाले, "तात्या, ही नगरपालिकेची लाइन नाही," आणि आवाज बंद केला. खोलीत एकदम शांत झालं. तात्यांनी डोळे उघडून छताकडे पाहिलं.

मी चित्र थांबवलं, फुग्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढली. कोपऱ्यात आकडा आला. सवयीनं बटण दाबलं, प्रिंटरनं चकचकीत कागदावर काळा फोटो बाहेर टाकला. त्यांना पोट पुसायला कागद देऊन मी बाहेर आले.

आमच्या धंद्यात तेव्हा एक पद्धत होती, अजूनही असेल. वर्षानुवर्षं येणाऱ्या पेशंटचा नवा रिपोर्ट कोरा सुरू करायचा नाही. जुना उघडायचा, तारीख बदलायची, काही वेगळं असेल तेवढं बदलायचं. बहुतेक वेळा काही वेगळं नसतंच.

"हसबेंचं मागच्यासारखंच," मी शमीमला म्हणाले.

"आकडा, मॅडम?"

"मागचाच."

तिनं तारीख बदलली, कागद काढला, मी उभ्या उभ्या सही केली. तिनं रिपोर्टला मागून फोटो टाचला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. पुण्याला मेलही तिनंच पाठवला. बारा चाळीस झाले होते. साडीवर डाग नव्हता.

सत्कार छान झाला. शाल, श्रीफळ, चंदेरी फ्रेममधलं मानपत्र. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मानपत्र वाचलं त्यात एक वाक्य होतं, की डॉ. वसुधा तारळेकर यांनी आपल्याच गावातल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचा जीवघेणा आजार वेळीच ओळखून त्यांचे प्राण वाचवले. तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी उभं राहिलं. तात्या. माझ्याकडून थेट तिथंच आले होते, शेजारी त्यांची बायको हौसाबाई. लोकांनी मागं वळून त्यांना बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. त्यांनी मला दोन्ही हात जोडले. मीही जोडले. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

चार दिवसांनी, शनिवारी सकाळी, ते परत आले. नंबर नव्हता, तरी शमीमनं त्यांना आत सोडलं, कारण तात्यांना कुणी अडवत नसे. हौसाबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता.

तात्यांनी रिपोर्ट आणि त्याच्यापासून सोडवलेला फोटो माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवला.

"बाई, ह्या कागदाव त्रेपन्न हाय," ते म्हणाले, "आन ह्या फोटूव अठ्ठावन्न."

जन्मभर मीटर वाचलेला माणूस. फोटोच्या कोपऱ्यातले बारीक इंग्रजी आकडे कुणी वाचत नाही. पेशंट तर नाहीच, पण डॉक्टरही रिपोर्ट वाचतात आणि फोटो बाजूला ठेवतात. मी फोटोकडे पाहिलं. अठ्ठावन्न पूर्णांक एक.

"फोटोतला आकडा धरायचा नसतो, तात्या," मी म्हणाले. "प्रोब तिरका लागला की रेघ तिरकी पडते, आकडा मोठा येतो. मग आम्ही तो मनात दुरुस्त करतो. कागदावरचा खरा."

हे सांगताना माझा आवाज अगदी शांत होता. तिरक्या रेघेचं खरंही असतं. म्हणून तर ते इतकं सहज तोंडात आलं.

तात्यांनी फोटोवर बोट टेकवलं. "म्हंजे मीटर एक दावतंय आन आपण दुसरंच लिवायचं."

"मीटर वाकडं बसलं असेल तर लिहायचं दुसरं."

"आसंल," ते म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "परत एकदा बगता का? मी आजबी पोट रिकामंच ठिवून आलोय. रातीपास्नं पाणीबी न्हाय घेतलं. तुमचा येळ मोडाय नगं म्हून."

दहा मिनिटांचं काम होतं. मशीन चालूच होतं, टेबल रिकामं होतं. आधीची पेशंट बाई कपडे नीट करून नुकतीच बाहेर गेली होती.

"लगेच परत करून काही कळत नाही," मी म्हणाले. "सप्टेंबरमध्ये या. तुमची नळी छान आहे. उगीच मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी संशयाची वाट बघत होते. संशय आला असता तर मी बहुधा चिडले असते आणि चिडून का होईना त्यांना टेबलावर घेतलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं हायसं वाटल्याचं दिसलं.

"तुमी म्हंताय म्हंजे झालं," ते म्हणाले. "तुमीच तर ह्ये हुडकलं. मी आपला गजवाला, मला सगळीकडं फुसफुसच आईकू येती."

दोन्ही कागद उचलून ते बाहेर गेले. थोड्या वेळानं मी चहासाठी उठले तेव्हा खिडकीतून दिसलं. बाहेरच्या बाकावर हौसाबाईंनी डबा उघडला होता आणि तात्या भाकरी मोडून खात होते, भूक लागलेला माणूस खातो तसे. हौसाबाई त्यांच्या तांब्यात पाणी ओतत होत्या. मी पडदा ओढून घेतला.

आता सांगायचं ते सांगते. आठ मार्चला स्क्रीनवर आकडा आला तेव्हा मी तो वाचला होता. घाईत दिसला नाही, असं नव्हे. अठ्ठावन्न दिसला, त्रेपन्नमध्ये पाच मिळवले की अठ्ठावन्न होतात हे कळलं, फाइलवरची लाल शाई आठवली. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की आता नीट बसून तीन बाजूंनी मोजावं लागेल, आवाज लावून ती फुसफुस शोधावी लागेल, पुण्याला फोन, मग तात्यांना समजावणं, म्हणजे निदान तासभर. रेघ तिरकी पडली असेल, असं मी मनाला सांगितलं आणि मनानं ते तत्काळ ऐकलं. तेवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ मी स्वतःला घाईची सूट दिली असती. पण शनिवारी घाई नव्हती. शनिवारी मी फक्त घाबरले होते. परत मोजलं आणि अठ्ठावन्नच भरलं, तर पुण्याला गेलेला रिपोर्ट खोटा होता हे लिहून कळवावं लागलं असतं. चार दिवसांपूर्वीच शाल मिळालेल्या बाईनं.

त्यानंतर मी दोनदा फोनचा रिसीव्हर उचलला. दोन्ही वेळा सप्टेंबर काही लांब नाही, असं म्हणून खाली ठेवला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी शमीम उशिरा आली. पर्स टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "मॅडम, पाणीवाले तात्या गेले."

पहाटे पाठीत कळ आली. बादली उचलल्यामुळं भरून आली असेल म्हणून हौसाबाईंनी तेल गरम केलं. तेल लावेपर्यंत ते घामानं भिजले. शेजाऱ्याच्या जीपमधून सांगलीला निघाले, आणि तासगाव यायच्या आत संपलं. शमीम हे सांगत होती आणि मी समोरच्या कागदावर सही करत होते. कुठल्या कागदावर ते आठवत नाही. ती दुपारी त्यांच्या घरी जाऊन आली. मी गेले नाही. मला ताप आला होता असं मी सांगितलं, आणि संध्याकाळी खरंच आला.

चौदाव्या दिवशी दुपारी हौसाबाई आल्या. एकट्याच. हातात तात्यांची ती प्लॅस्टिकची पिशवी. पुण्याच्या सर्जननी निरोप पाठवला होता, की त्यांना सगळी कागदपत्रं बघायची आहेत. नळी नक्की कुठं दगा देते हे कळलं तर पुढच्या पेशंटना उपयोग होईल.

"मला काय वाचाय येत न्हाय," हौसाबाई म्हणाल्या. "ह्यातलं काय काय धाडायचं त्ये तुमीच बगून द्या."

त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. मी एकेक कागद काढत गेले. पुण्याचं डिस्चार्ज कार्ड. रक्ताचे रिपोर्ट. माझा पहिला रिपोर्ट, दुसरा, तिसरा, चौथा. शेवटच्याचा फोटो सुटा होता, चौपदरी घडी घातलेल्या एका फडक्यात. मी तो न उलगडता ओळखला. बाकीचे कागद पाकिटात भरले. फोटो उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये सरकवला. हौसाबाई समोर बसून बघत होत्या.

"त्यो काळा फोटू लावला का?" त्यांनी विचारलं. "त्येवढा त्येनी येगळा ठिवला हुता. उशाखाली."

"फोटो पाठवावा लागत नाही, मावशी. रिपोर्ट पुरतो."

"बरं," त्या म्हणाल्या.

मी पाकीट चिकटवलं. वर पत्ता लिहिला. त्या उठल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "बाई, एक इचारू का? त्येंच्या पोटात काय हुतंय ह्ये आदी कळलं आसतं का वो कुनाला?"

मी उत्तर दिलं. चौदा वर्षं झाली, ते उत्तर मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"नाही, मावशी. हे आतल्या आत होतं. आधी कुणालाच कळत नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला. मग उठून टेबलाच्या या बाजूला आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुमी वाईट वाटून घिऊ नगा," त्या म्हणाल्या. "तुमच्यामुळं दोन वरसं जास्त मिळाली. त्ये सगळ्यास्नी सांगायचे." बाहेर जाताना दाराशी थांबून त्यांनी शमीमच्याही डोक्यावर हात ठेवला.

पुण्याहून फोन आला. सर्जन म्हणाले, मार्चमध्ये त्रेपन्न आणि एप्रिलमध्ये फुटला, विचित्र आहे, नळी अचानक सरकली असणार. मी म्हणाले, हो सर, तसंच असेल. ते म्हणाले, तुमच्याकडची तपासणी नियमित असते, खेड्यापाड्यात एवढं कुणी करत नाही. त्या वर्षात त्यांनी माझ्याकडे आणखी तीन पेशंट पाठवले.

त्या तिघांना, आणि नंतरच्या सगळ्यांना, मी तीन-तीनदा मोजलं. जुना रिपोर्ट उघडणं बंद केलं. आवाज इतका मोठा ठेवते की बाहेरच्या बाकावरचे लोक दचकतात. बाई फार चिकित्सक आहेत, वेळ लावतात, पण चूक करत नाहीत, असं गावात म्हणतात. शमीमनं त्यानंतर मला कधी 'मागच्यासारखंच का?' असं विचारलं नाही. ती बोटं कीबोर्डवर ठेवते आणि म्हणते, "आकडा सांगा, मॅडम." फोटो टाचणारी तीच होती. तिनं तो वाचला होता का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

फोटो मी फाडला नाही. फाडला असता तर तो पुरावा नष्ट करणं झालं असतं. ड्रॉवरमध्ये राहिला तर तो नुसता राहिलेला कागद. एवढी हुशारी माझ्यात तेव्हाही होती. तो चकचकीत कागद उष्णतेनं काळा होतो आणि वर्षं गेली की आपोआप फिका पडतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी काही शोधताना तो हाती लागायचा. दर वेळी अधिक करडा झालेला. आधी फुग्याची कड गेली, मग कोपऱ्यातला आकडा धूसर झाला. खरं सांगते, मला बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात सेंटर तळमजल्यावर हलवलं. माझे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. जुनं टेबल विकायचं म्हणून ड्रॉवर रिकामे केले, त्यात तो मिळाला. पूर्ण पांढरा. अठ्ठावन्न नाही, त्रेपन्न नाही, काही नाही. उजेडाला धरून तिरका करून पाहिला, तरी काही दिसलं नाही. सुटले, असं मला वाटलं, आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकायला मी हात पुढं केला. तेव्हा तो हातातच उलटा झाला.

मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. पेन्सिल फिकी पडत नाही. गोल, सावकाश काढलेली अक्षरं, त्या जुन्या डायरीतल्यासारखी.

'ता. ८/३. फोटोत ५८ दिसतात. ता. १२/३. बाईंच्या सांगण्यावरून ५३ धरले. पुढचे बघणे सप्टेंबर.'

मी खुर्चीत बसले. शमीम बाहेर हमालांना मशीन कुठं ठेवायचं ते सांगत होती. तिला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.

हौसाबाई अजून आहेत. मायणी रोडला मुलाकडे राहतात. मध्ये एकदा बाजारात दिसल्या, लांबूनच त्यांनी हात हलवला. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा हे वाचून दाखवायला कुणीतरी जायला हवं, आणि ते कुणी जायचं हे मला माहीत आहे. कागद त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये आहे. आज तीन आठवडे झाले. त्यांचं घर नव्या सेंटरपासून चालत दहा मिनिटांवर आहे.